थोरल्या बहिणींच्या खुणा: 'किंग ऑफ फायटर्स' खेळताना काय आणि कसे पाहावे

आपल्याकडे 'द किंग ऑफ फायटर्स' हा लढतीचा व्हिडिओ गेम बहुतेकांना '९७ या आकड्यासकट, म्हणजे मालिकेतल्या १९९७च्या भागामुळे माहीत झाला. व्हिडिओ गेम पार्लरमध्ये रुपयाचे नाणे टाकून आम्ही ज्या टोपीवाल्या टेरीला आणि काठीवाल्या बिलीला लढवत असू, ते दोघे याच खेळात जन्मले अशी माझी कित्येक वर्षे पक्की समजूत होती. प्रत्यक्षात दोघांचेही माहेर वेगळे आहे. ओसाकाच्या एसएनके कंपनीने १९९४ साली ही मालिका सुरू केली, तेव्हा तिने आपल्याच जुन्या खेळांतली मंडळी एका मांडवाखाली आणली होती. 'फेटल फ्यूरी' (१९९१) आणि 'आर्ट ऑफ फायटिंग' (१९९२) हे दोन लढतीचे खेळ त्यांत होतेच, शिवाय ज्यांचा समोरासमोरच्या लढतीशी काही संबंध नव्हता असे 'इकारी वॉरियर्स' आणि 'सायको सोल्जर' हे ऐंशीच्या दशकातले दोन खेळही होते. मालिकेचे नावसुद्धा उसने आहे. पहिल्या 'फेटल फ्यूरी'त गीस हॉवर्ड साउथ टाउनमध्ये जी स्पर्धा भरवतो, तिचेच नाव 'किंग ऑफ फायटर्स'.

या थोरल्या बहिणींच्या, म्हणजे जुन्या खेळांच्या, खुणा नव्या खेळात कशा शोधाव्यात, याची एक पद्धत मी इथे मांडतो आहे. एक गोष्ट आरंभीच सांगतो. बहुतेक जण या खुणा पडद्यावर, म्हणजे पोशाखांत आणि पार्श्वभूमीत शोधतात; परंतु सर्वांत जुन्या आणि पक्क्या खुणा चालींत आणि नियमांत दडलेल्या आहेत, आणि त्या डोळ्यांना दिसण्याआधी हाताला जाणवतात. म्हणून हा शोध व्हिडिओ पाहून नव्हे, तर खेळूनच करायचा.

पूर्वतयारी थोडी आहे. जुने खेळ शेवटपर्यंत खेळण्याची गरज नाही. 'फेटल फ्यूरी स्पेशल' (१९९३) आणि पहिला 'आर्ट ऑफ फायटिंग' यांना प्रत्येकी एखादा तास दिला तरी पुरे. दोन्ही खेळ 'एसीए निओजिओ' या मालिकेतून आजच्या यंत्रांवर मिळतात. 'स्पेशल' निवडण्याला कारण आहे. त्यात एकही फेरी न हरता शेवटपर्यंत पोचलात, तर गुप्त प्रतिस्पर्धी म्हणून 'आर्ट ऑफ फायटिंग'चा नायक रियो साकाझाकी समोर उभा राहतो. दोन वेगळ्या मालिकांचे नायक एकमेकांसमोर आले तर काय होते, हे एसएनकेने आधी इथे चाखून पाहिले आणि पुढच्याच वर्षी अख्खी मालिका उभी केली.

आता '९४, म्हणजे मालिकेचा पहिला भाग सुरू करा आणि संघनिवडीच्या पडद्यावर थांबा. तिघातिघांचे आठ संघ दिसतील. प्रत्येक पात्रापुढे स्वतःला एकच प्रश्न विचारा: याचे माहेर कोणते? इटलीच्या संघातले टेरी, अँडी आणि जो हे तिघेही 'फेटल फ्यूरी'चे, तर मेक्सिकोच्या संघातले रियो, रॉबर्ट आणि ताकुमा हे तिघेही 'आर्ट ऑफ फायटिंग'चे आहेत. इंग्लंडचा संघ म्हणजे दोन घरांची सोयरीक म्हणावी लागेल, कारण माई 'फेटल फ्यूरी २'मधून आली आणि युरी व किंग 'आर्ट ऑफ फायटिंग'मधून आल्या. मात्र उरलेल्या संघांत फसगत होते. ब्राझीलच्या संघातले राल्फ आणि क्लार्क 'इकारी'तले असले, तरी त्यांचा सेनापती हायडर्न याच मालिकेत जन्मला. चीनच्या संघात अथेना आणि केन्सू जुने, तर म्हातारा चिन नवा. कोरियाच्या संघात एकटा किम जुना, चँग आणि चोई नवे. जुन्यांच्या शेजारी नवा माणूस असा बेमालूम बसवायचा की तो पहिल्यापासून घरातलाच वाटावा, ही या मालिकेची जुनी खोड आहे. तेव्हा एखादे पात्र जुने वाटले म्हणून त्याला जुने समजू नका.

यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, म्हणून तिथे थोडे रेंगाळतो. 'आर्ट ऑफ फायटिंग'मध्ये रियो घ्या. त्याच्या हाओशोकोकेन या मोठ्या चालीसाठी जॉयस्टिक आधी पुढे न्यावी लागते, मग मागून खालच्या बाजूने पुढे अर्धवर्तुळ काढावे लागते आणि शेवटी ठोशाचे बटण दाबावे लागते. त्या खेळात ही चाल आयती मिळत नाही. लढतींच्या मध्ये येणाऱ्या सरावाच्या फेरीत ती शिकावी लागते, आणि पहिल्या काही प्रयत्नांत मनगट हमखास चुकते. एकदा ती हाताला बसली की लगेच '९४ लावा, पुन्हा रियो घ्या आणि विचार न करता तीच हालचाल करा. तोच मोठा गोळा पडदाभर जातो. टेरीच्या पॉवर गायझरचेही तसेच आहे: खालून मागे पाव वर्तुळ, तिथून किंचित खाली आणि झटक्यात पुढे. गीसच्या रेजिंग स्टॉर्मसाठी तर जॉयस्टिक खाली-मागे नेऊन पुढे आणावी लागते, मग पुढून मागे अर्धवर्तुळ काढून शेवटी पुन्हा खाली-पुढे न्यावी लागते. चकलीचा सोऱ्या फिरवल्यासारखी ही हालचाल आहे. गीस '९६मध्ये आला तेव्हा ही कटकट सोपी करून टाकणे सहज शक्य होते, पण बटणे बदलली तरी वळण तसेच ठेवले गेले. जुन्या खेळाडूला हा नमस्कार चित्रातून नव्हे, मनगटातून पोचतो.

चालींच्या नावांकडेही लक्ष द्या. रियो आणि रॉबर्ट यांची र्‍यूको रान्बू नावाची ठोशालाथांची सरबत्ती आहे. 'आर्ट ऑफ फायटिंग'चे जपानी नाव 'र्‍यूको नो केन', म्हणजे ड्रॅगन आणि वाघ यांची मूठ. त्यातला ड्रॅगन म्हणजे रियो आणि वाघ म्हणजे रॉबर्ट. म्हणजे '९४मध्ये यांच्यापैकी कोणीही ही चाल केली, की आपल्या माहेरचे नाव उच्चारतोच.

चालींची आणखी एक मौजेची खूण अंतिम प्रतिस्पर्धी रुगाल याच्या अंगी आहे. रुगाल नवा आहे. तरीही तो जमिनीसरशी जो रेप्पुकेन सोडतो तो गीसचा, आणि दोन्ही हातांनी जी कायझर वेव्ह फेकतो ती 'फेटल फ्यूरी २'च्या क्राउझरची. '९४च्या निवडपडद्यावर गीसही नाही आणि क्राउझरही नाही. मालक गैरहजर आणि त्यांची हत्यारे मात्र दुसऱ्याच्या हातात, अशी ही गंमत आहे. दोन वर्षांनी '९६मध्ये गीस, क्राउझर आणि 'आर्ट ऑफ फायटिंग'चा मिस्टर बिग यांचा बॉसांचा संघ आला. तेव्हा '९४मधला रुगाल आणि '९६मधले हे दोन मालक एकापाठोपाठ एक पाहावेत.

नियमांतल्या खुणा तपासायला आपला ओळखीचा '९७ उत्तम. तो 'ग्लोबल मॅच' या नावाने स्टीमवर मिळतो. सुरुवातीला खेळण्याच्या पद्धतीचे अ‍ॅडव्हान्स्ड आणि एक्स्ट्रा असे दोन पर्याय येतात. पार्लरमध्ये आम्ही एक्स्ट्राला कधी हात लावला नाही. तो घेणारा नवखा समजला जाई. आता मुद्दाम तोच घ्या. ए, बी आणि सी ही बटणे एकत्र दाबून धरली की पॉवर बार भरू लागतो. ही रीत '९४ची, आणि तिचे मूळ 'आर्ट ऑफ फायटिंग'मध्ये, जिथे बटण दाबून धरून दम भरावा लागतो आणि दम संपला की चाली फुसक्या पडतात. आयुष्याची पट्टी संपत आली की मोठी चाल हवी तितक्या वेळा करता येते, ही मुभा 'फेटल फ्यूरी २'ची देणगी आहे. ए आणि बी दाबून खेळाडू क्षणभर मागच्या बाजूला सरकून वार चुकवतो, त्यात मला 'फेटल फ्यूरी'च्या पुढच्या-मागच्या दोन रांगांची सावली दिसते. पण हा माझा तर्क आहे, तो तसाच घ्यावा. '९४ आणि '९५मध्ये प्रतिस्पर्ध्याला डिवचले की त्याचा पॉवर बार उतरतो, हा मात्र सरळसरळ 'आर्ट ऑफ फायटिंग'चा नियम आहे.

किंगचे उदाहरणही इथेच सांगतो, कारण संदर्भ माहीत नसला तर ते नुसते चावट वाटते. '९४मध्ये तिला विशेष चालीने हरवले की तिचा शर्ट फाटतो. पहिल्या 'आर्ट ऑफ फायटिंग'मध्ये किंग पुरुषी वेषातला पहारेकरी म्हणून समोर येते आणि अशाच प्रकारे हरल्यावर ती बाई आहे हे उघड होते. तिथे तो कथेतला कलाटणीचा क्षण होता. इथे रहस्य कधीचेच फुटलेले आहे, आणि उरली आहे ती फक्त आठवण. मला विचाराल तर ही आठवण नसती जपली तरी चालले असते.

आता '९८कडे वळा. पात्र निवडताना स्टार्टचे बटण दाबून धरले, तर काही जणांचे जुने रूप मिळते. टेरी, अँडी, जो, माई, मेरी, बिली आणि यामाझाकी हे 'रिअल बाउट फेटल फ्यूरी'च्या वळणाने लढतात, तर रियो, रॉबर्ट आणि युरी '९४च्या वळणाने. फरक पाहायचा असेल तर रियो घ्यावा: नेहमीच्या रियोचा कोओकेन नावाचा गोळा हातापुढेच विरतो आणि जुन्या रियोचा पडदा ओलांडून जातो. दोन्ही रूपे एकापाठोपाठ एक खेळली, की मधल्या काळात कंपनीने दुरून गोळे फेकणाऱ्यांचे पंख किती कापले होते, हेही लक्षात येते.

२०००च्या भागात स्ट्राइकर, म्हणजे लढतीत क्षणभर येऊन मदत करून जाणारी पात्रे, हा खुणांचा खजिनाच आहे. 'मेटल स्लग'ची फिओ, 'रोबो आर्मी'चा रॉकी, 'लास्ट ब्लेड'चा काएदे आणि १९८६ च्या 'अथेना' खेळातली राजकन्या अथेना असे पाहुणे त्यात येऊन जातात. इथे फार विश्लेषण करू नये; स्ट्राइकर बदलत राहावे आणि ओळखीचे चेहरे मोजावे.

पोशाखाच्या खुणा शेवटी ठेवल्या, कारण त्या सोप्या आहेत. २००३च्या भागात टेरीची लाल टोपी जाते आणि तो 'गारो: मार्क ऑफ द वुल्व्ज' (१९९९) या खेळातले जाकीट घालून येतो. त्याच भागात त्या खेळातले गातो आणि टिझोक हेही येतात. पुढे चौदाव्या भागात (२०१६) 'किंग ऑफ डायनासोर्स' नावाचा एक मुखवटाधारी पैलवान भेटतो. त्याची अंगकाठी आणि पकडी नीट पाहिल्या, तर हा मुखवटा बदललेला टिझोकच आहे हे कळते, आणि खेळात मात्र तसे कोणी धडपणे बोलून दाखवत नाही.

एका गोष्टीपासून सावध राहा: या खुणांवरून कथेचा कालक्रम जुळवायला जाऊ नका. 'फेटल फ्यूरी'च्या कथेत गीस 'रिअल बाउट'मध्ये मनोऱ्यावरून पडून मरतो. 'किंग ऑफ फायटर्स'मध्ये तो आजही जिवंत आहे. 'आर्ट ऑफ फायटिंग'ची कथा सत्तरच्या दशकाच्या अखेरीस घडते, त्यामुळे त्याच्या दुसऱ्या भागात गीस तरुण पोलीस आयुक्त म्हणून भेटतो आणि हिशेबाने रियो टेरीपेक्षा एका पिढीने मोठा ठरतो. इथे दोघे समवयस्क आहेत. गीसचा मुलगा रॉक 'मार्क ऑफ द वुल्व्ज'मध्ये बापाच्या मृत्यूनंतर टेरीच्या छायेत वाढलेला आहे, आणि पंधराव्या भागासाठी (२०२२) नंतर आलेल्या संघांत मात्र एका संघात रॉक आणि दुसऱ्यात गीस आहे. एसएनकेने या मालिकेचा काळ वेगळाच मानला आहे. आत्याबाईला मिशा असत्या तर, या चालीवरचे प्रश्न इथे विचारू नयेत.

संगीताची पायरी पंधराव्या भागातच करावी, कारण त्यात डीजे स्टेशन नावाची सोय आहे आणि तिच्यात जुन्या भागांची शेकडो गाणी ऐकता येतात. गीसची 'गीस नी किस्सू' ही धून आधी 'फेटल फ्यूरी स्पेशल'मध्ये ऐका आणि मग इथे ऐका. वाद्ये बदलली तरी सुरावट लगेच ओळखू येते. अथेनासाठी मात्र थेट मूळ 'सायको सोल्जर'कडे जावे. पार्लरमधल्या यंत्रातून शब्दांसह गाणे वाजवणाऱ्या अगदी पहिल्या खेळांपैकी तो एक आहे. त्या काळच्या चिपमधून आलेला तो घरघरता आवाज दोनतीनदा ऐकून घ्या आणि मग '९७मध्ये अथेनाच्या संघाशी लढायला जा.