आजोबांच्या वहीतली ब्रोमाइडची चिठ्ठी कशी वाचावी

वडोदऱ्यात दांडिया बाजाराकडची जुनी मराठी घरं रिकामी होताना कधीकधी डॉक्टर आजोबांची चिठ्ठ्यांची वही हाती लागते आणि ती फिरत फिरत माझ्याकडे येते. मी औषधनिर्माणशास्त्र शिकवायचे, हे गल्लीला माहीत आहे. नातवंडांचा प्रश्न ठरलेला: "मावशी, हे ‘पॉट. ब्रोम.’ काय आहे?" पोटॅशियम ब्रोमाइड. पांढरे, खारट खडे. पाण्यात चटकन विरघळतात.

आधी मापं नीट समजून घ्या. ‘जीआर’ म्हणजे ग्रेन. एक ग्रेन सुमारे ६५ मिलिग्रॅम. आकडे रोमन असतात. शेवटच्या ‘आय’ला लांब शेपूट दिसलं तर तो ‘जे’ नव्हे. पुढे कुणी काडी वाढवू नये म्हणून केलेली ती सोय. ड्रॅमची खूण दिसते थेट आपल्या ३ सारखी, पण तिचा अर्थ ६० ग्रेन. तिच्याच डोक्यावर आणखी एक वळण असलं की झाला औंस, म्हणजे आठपट. इथे घाई नको. भिंग घ्या.

मग बघा, आकडा एका डोसाचा आहे की अख्ख्या बाटलीचा. ब्रोमाइड २ ड्रॅम आणि बाटली आठ डोसांची असेल, तर प्रत्येक डोसात १५ ग्रेन, जेमतेम एक ग्रॅम. कंपाउंडर बाटलीवर खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवायचा, ती याच हिशेबासाठी. ‘टी.डी.एस.’ म्हणजे दिवसातून तीनदा, ‘एच.एस.’ म्हणजे झोपताना.

आता औषध कशासाठी होतं ते शोधा. लंडनच्या चार्ल्स लोकॉक यांनी १८५७ मध्ये फेफऱ्यावर ब्रोमाइडचा गुण येतो असं सांगितलं. त्यानंतर आकडी, निद्रानाश, ‘हिस्टेरिया’ सगळ्यांवर तेच. बायकांच्या नावापुढे ते फार दिसलं तर मला नवल वाटत नाही. घरात बोलणाऱ्या बाईला गप्प करायला सोपं औषध होतं. वहीत ‘ल्युमिनल’ दिसलं, तर ते पान १९१२ नंतरचं. फेफऱ्यावर ब्रोमाइडची जागा हळूहळू त्यानेच घेतली.

त्याच रोग्याची पुढची पानं जरूर वाचा. ब्रोमाइड अंगातून फार सावकाश जातं, निम्मं बाहेर पडायलाच बारा-एक दिवस लागतात. रोज तीनदा दिलं की साठत जाणार. मग तोंडावर पुटकुळ्या, विसराळूपणा, झोकांड्या, कधी चक्क भ्रम. यालाच ब्रोमिझम म्हणतात. पुढे ‘वेड लागले’ अशी नोंद सापडली, तर रोग वाढला की औषध साठलं, हा प्रश्न स्वतःला विचारा.

मिठाची नोंदही सोडू नका. मिठातलं क्लोराइड आणि ब्रोमाइड मूत्रपिंडात एकाच वाटेने जातात. मीठ तोडलं की ब्रोमाइड अंगात जास्त टिकतं. फेफऱ्याचे काही डॉक्टर ते मुद्दाम तोडायला लावत. उलट ब्रोमिझम झाला की उपचार मीठ आणि पाणी. एरवी पथ्याची ओळ वाटून आपण ती ओलांडून जातो.

‘लायकर स्ट्रिक.’ आणि ब्रोमाइड एकाच चिठ्ठीत असतील, तर खूण करून ठेवा. लायकर स्ट्रिक. म्हणजे कुचल्याचं विष, तेव्हा थोड्या मात्रेत शक्तिवर्धक म्हणून देत. ब्रोमाइडबरोबर त्याचे स्फटिक होऊन तळाशी बसू शकतात आणि शेवटच्या डोसात सगळं एकदम पोटात जातं. आमच्या वर्गात विसंगत औषधांचा विषय निघाला की हे उदाहरण ठरलेलं.

वहीबरोबर बाटली निघाली तर ती उघडू नका, चव तर मुळीच घेऊ नका. लेबलावर ब्रोमाइड असलं तरी आत काय भरलंय कोण जाणे. मोरीतही ओतू नका. लेबलाचा फोटो काढा, बाटली तशीच बंद ठेवून जवळच्या फार्मसी कॉलेजात प्रयोगशाळेच्या माणसांना विचारा. आणि कुत्र्याच्या फेफऱ्यावर पशुवैद्य आजही हेच देतात म्हणून घरच्या कुत्र्याला त्यातलं पाजू नका. तसं विचारणारे भेटलेत मला.