वाबी-साबी वापरून टीम कशी चालवायची: तडा लपवू नका, नीट सांधा

वाबी-साबी या जपानी विचाराबद्दल, म्हणजे अपूर्ण, झिजणाऱ्या गोष्टींतच सौंदर्य बघण्याबद्दल, हल्ली लीडरशिपच्या ट्रेनिंगमध्ये बरंच ऐकायला मिळतं, आणि त्यातलं बरंचसं "परफेक्ट नसलं तरी चालतं, टेन्शन घेऊ नका" इथेच संपतं. मला हे अर्धवट वाटतं, आणि टीम सांभाळणाऱ्या माणसासाठी तर धोक्याचंच. कारण जपानमध्ये हा विचार जिथून आला तिथे अपूर्णता मान्य करणं म्हणजे काम ढिलं सोडणं नव्हतंच कधी. तुटलंय ते तुटलंय असं सगळ्यांसमोर कबूल करायचं आणि मग ते सांधायला जितका वेळ लागेल तितका द्यायचा, घाई न करता. हे रोजच्या कामात कसं आणायचं ते सांगतो.

आधी थोडं मागचं. पंधराव्या-सोळाव्या शतकात जपानी चहाविधीतून हे सगळं आलं. तेव्हा मोठे लोक चीनहून आणलेली गुळगुळीत महागडी भांडी मिरवायचे, आणि चहाविधीचे गुरू मुराता जुको, पुढे सेन नो रिक्यू (१५२२-१५९१) यांनी त्याऐवजी साधी खोली, हाताने घडवलेले जरा वाकडे, खडबडीत वाडगे पुढे आणले. वस्तू झिजणार, फुटणार हे धरूनच ती वापरायची. तुम्हीही टीमबाबत हेच धरून चला, म्हणजे चांगली माणसं सोडून जाणार, ऐन डेडलाइनला कोणीतरी आजारी पडणार, क्लायंट शब्द फिरवणार. प्लॅन करायला बसलात की "यातलं काय मोडू शकतं" हा प्रश्न पहिल्या अर्ध्या तासात घ्या, शेवटी वेळ उरला तर घेऊ असं करू नका, तो वेळ कधीच उरत नाही.

आता किंत्सुगी. फुटलेलं भांडं सोन्याने जोडतात ते. फोटो सगळ्यांनी पाहिलेत, पण प्रत्यक्षात कसं करतात ते नीट बघा, कारण लीडरने शिकायचं ते तिथेच आहे. जोडणारी गोष्ट सोनं नसतेच मुळी, ती असते उरुशी नावाच्या झाडाचा चीक. त्यात पीठ आणि पाणी मळून चिकट लगदा करतात, तुकड्यांच्या कडांना लावतात, तुकडे बसवतात आणि भांडं दमट पेटीत ठेवून देतात. हा चीक कोरड्या हवेत नीट वाळत नाही, त्याला ओलावाच लागतो, आणि नुसता सांधा पक्का व्हायला एक-दोन आठवडे सहज जातात. मग वर आलेला चीक खरवडायचा, टवके गेलेत तिथे भर घालायची, घासायचं, परत लेप, परत वाट बघायची. हे सगळं झाल्यावर शेवटी त्या रेघेवर पातळ लेप देऊन सोन्याची पूड भुरभुरायची.

म्हणजे सोनं शेवटी. आणि ऑफिसात आपण काय करतो, प्रोजेक्ट पडला की तिसऱ्या दिवशी "आम्ही यातून खूप शिकलो" असं प्रेझेंटेशन तयार असतं, आतला सांधा अजून ओलाच असतो. तेव्हा क्रम पाळा. पहिल्या दोन-तीन दिवसांत फक्त तुकडे गोळा करायचे, म्हणजे काय घडलं ते वेळेनुसार लिहून काढायचं, प्रत्येकाकडून, आणि मीटिंगमध्ये "कोणी केलं" हा प्रश्न तुम्ही स्वतः विचारायचा नाही आणि दुसऱ्याने विचारला तर तिथेच थांबवायचा. "कधी लक्षात आलं? त्याआधी कुणाला शंका आली होती का? आली होती तर बोलायला काय अडलं?" हे तीन प्रश्न पुरतात, आणि तिसऱ्याला सगळ्यात जास्त वेळ द्या. मग दुरुस्ती ठरवा आणि दोन आठवड्यांनी परत बघायची तारीख तेव्हाच कॅलेंडरवर टाका. त्या तारखेला दुरुस्ती टिकलीय का हे तपासायचं, आणि टिकली असेल तरच बाकीच्या कंपनीला सांगायला जायचं.

वरवरची दुरुस्ती किती महाग पडते याचं जपानमधलंच उदाहरण आहे, आणि ते फार वाईट आहे. १२ ऑगस्ट १९८५ ला जपान एअरलाइन्सची फ्लाइट १२३ टोकियोच्या हानेदा विमानतळावरून ओसाकाला निघाली आणि डोंगरात कोसळली, ५२४ पैकी ५२० माणसं गेली. त्या विमानाची शेपटी १९७८ मध्ये ओसाकाला लँडिंग करताना धावपट्टीवर घासली होती आणि मागचा प्रेशर बल्कहेड (केबिनमधला हवेचा दाब धरून ठेवणारी मागची भिंत) बोइंगच्या माणसांनी दुरुस्त केला होता. जोडपट्टी सलग एक लावायची होती, ती दोन तुकड्यांत लागली आणि रिव्हेट्सच्या दोन ओळींऐवजी एकाच ओळीवर भार आला. बाहेरून सगळं ठीक दिसत होतं. सात वर्षं विमान उडालं, मग तोच सांधा फुटला. अपूर्णता स्वीकारा म्हणणाऱ्या प्रत्येकाने हा सांधा डोळ्यांसमोर ठेवावा असं मला मनापासून वाटतं.

पण पुढे त्याच एअरलाइनने एक गोष्ट केली जी मला या सगळ्या विषयात सगळ्यात मोलाची वाटते. २००६ मध्ये हानेदाला त्यांनी एक सेंटर उघडलं आणि त्या विमानाचे अवशेष, तो फुटलेला बल्कहेडसुद्धा, तिथे मांडला, प्रवाशांनी शेवटच्या मिनिटांत घरच्यांना लिहिलेल्या चिठ्ठ्याही आहेत, आणि कंपनीचे कर्मचारी तिथे ट्रेनिंगला जातात. आपली सगळ्यात मोठी जखम आपल्याच माणसांना दाखवायची, हे सोपं नाही. २ जानेवारी २०२४ ला हानेदाच्याच धावपट्टीवर त्यांचं विमान दुसऱ्या विमानावर आदळून पेटलं, अनाउन्समेंटची सिस्टिम बंद पडली, आठपैकी तीनच दरवाजे वापरता आले, क्रूने मेगाफोन आणि नुसत्या आवाजावर काम चालवलं आणि सगळे ३७९ जण बाहेर आले. याचं श्रेय एका सेंटरला देता येणार नाही, त्यामागे पुष्कळ ट्रेनिंग आणि पुष्कळ नियम आहेत, पण यंत्रणा दगा देणार हे धरून तयारी केली की माणसं कशी वागतात ते यात दिसतं.

तुमच्या टीमसाठी याचं छोटं रूप म्हणजे एक वही, शेअर्ड डॉक्युमेंट चालेल, ज्यात मोठ्या चुका आणि त्यांची दुरुस्ती साध्या भाषेत लिहिलेली. नावं नकोत, घटना हव्यात. पहिली नोंद तुमच्या स्वतःच्या एखाद्या निर्णयाची करा, नाहीतर खालचा कोणी लिहिणार नाही, हे अगदी नक्की.

रोजच्या पातळीवर टोयोटाची अँडॉन दोरी बघा. लाइनवरच्या कामगाराला काही चुकीचं दिसलं की तो दोरी ओढतो, बोर्डवर दिवा लागतो, टीम लीडर त्याच्याकडे चालत येतो, आणि ठरलेल्या वेळात अडचण सुटली नाही तर लाइन थांबते. मूळ कल्पना टोयोटा समूहाचे संस्थापक साकिची तोयोदा यांच्या मागाची आहे, धागा तुटला की माग आपोआप थांबायचा, खराब कापड विणतच बसायचा नाही. यात लीडरचं काम काय, तर येणं. तुमच्याकडे कोणी "सर, इथे गडबड वाटतेय" म्हणालं की पहिलं वाक्य "बरं झालं सांगितलंस, दाखव" एवढंच असू दे. शंका खोटी निघाली तरी हेच. दोनदा जरी तोंड वाकडं केलंत तर तिसऱ्यांदा दोरी कोणी ओढणार नाही.

रिक्यूच्या चहाघराचं दारही लक्षात ठेवण्यासारखं आहे. जेमतेम दोन-सव्वादोन फुटांचं, तलवार बाहेर ठेवून सामुराईलाही वाकूनच आत यावं लागायचं. लीडरनेही तसंच वाकायचं, म्हणजे मीटिंगमध्ये तुम्ही शेवटी बोला, आणि आठवड्यातून एकदा तरी "हे मला येत नाही, कोण समजावेल?" असं खरंखुरं विचारा. खोटं विचारलं तर लोकांना लगेच कळतं.

आणि मोठा फटका बसलाच तर सगळं नीट होईपर्यंत थांबू नका. मार्च २०११ च्या त्सुनामीत इवाते किनाऱ्यावरच्या सानरिकु रेल्वेचे रूळ, पूल वाहून गेले होते, तरी पाचव्याच दिवशी जो छोटा टप्पा शाबूत होता त्यावर त्यांनी गाडी सुरू केली, आणि तिकीटही घेतलं नाही. बाकीचा मार्ग पूर्ण व्हायला एप्रिल २०१४ उजाडलं. तुमच्याकडे असं काही झालं तर पहिल्याच दिवशी विचारा की आत्ता शाबूत काय आहे आणि त्यावर उद्या काय चालवता येईल, आणि उरलेल्याची तारीख खोटी देऊ नका.

एक मात्र अगदी स्पष्ट. पगार उशिरा होणं, कुणाचा अपमान, कुणाच्या जिवाला धोका, या गोष्टी "अपूर्णता" म्हणून पोटात घालायच्या नाहीत, तिथे काम थांबवून आधी तेच सोडवायचं.

नवीन माणूस टीममध्ये आला की ती वही पहिल्या आठवड्यात वाचायला द्या, आणि वाचून झाल्यावर विचारा की यातलं काय अजून नीट सांधलेलं वाटत नाहीये. नव्या नजरेला ते पटकन दिसतं, आणि जे दिसेल ते त्याच्याच हाताने वहीत लिहू द्या.