पंप कपाटात ठेवायचा नसतो

मी ६९ वर्षांची, आणि दमा माझ्याबरोबर ३० वर्षं. स्टेरॉईडनं हाडं भुसभुशीत होतात असं कुणीतरी म्हणालं आणि मी शहाणपणा करून माझा रोजचा स्टेरॉईडचा पंप (इनहेलर) कपाटात ठेवून दिला. तीन आठवड्यांत रात्र रात्र उठून बसायची वेळ आली. मग प्रेडनिसोलोनच्या, म्हणजे स्टेरॉईडच्याच गोळ्या, रोज ४० मिलिग्रॅम, ५ दिवस. माझ्या पंपातून दिवसाला जातं ४०० मायक्रोग्रॅम बुडेसोनाइड, तेही स्टेरॉईडच. वजनानं बघाल तर एका दिवसाच्या गोळ्या म्हणजे १०० दिवसांचा पंप. (औषधं दोन, ताकद वेगळी, तेव्हा हिशोब काटेकोर नाही. पण मला जे कळायचं ते कळलं.)

म्हणून पंप आपल्या मनानं सोडू नका. डोस कमी होईल का, हे डॉक्टरांना विचारा. दमा तीनेक महिने आटोक्यात असेल तर डोस पायरी पायरीनं उतरवता येतो. बुडेसोनाइड दिवसाला ८०० मायक्रोग्रॅमच्या वर असेल, तेही वर्षानुवर्षं, तर हाडांचा विषय तुम्हीच काढा.

दाबायच्या पंपाचं बरंचसं औषध घशातच चिकटतं. ते छातीच्या उपयोगाचं नाही, गिळलं तर पोटात जातं. त्यावर उपाय स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी. पंप हलवा, श्वास पूर्ण सोडा, स्पेसरच्या तोंडाभोवती ओठ घट्ट मिटून पंप एकदाच दाबा, सावकाश आत ओढा आणि मनात १० आकडे मोजेपर्यंत धरून ठेवा. दुसरा पफ थोडं थांबून. दोन्ही पफ एकदम स्पेसरमध्ये सोडून वेळ वाचवत होते मी, ते चूक. नंतर चूळ भरून थुंका. स्पेसर साबणाच्या पाण्यात धुऊन तसाच निथळू द्या. फडक्यानं पुसला की आत विद्युतभार तयार होतो आणि औषध भिंतींना चिकटतं. पावडरच्या पंपाची रीत वेगळी: त्याला स्पेसर नाही, श्वास जोरात ओढायचा. चूळ मात्र तिथेही.

एक वही ठेवा. गोळ्यांचा कोर्स कधी झाला, किती मिलिग्रॅम, किती दिवस. वर्षातून दोन-तीनदा गोळ्या लागत असतील तर हाडांना खरा धोका त्यांचा, आणि दमा नीट आवरलेला नाही हेही त्यातूनच कळतं. माझ्या वहीतल्या चार नोंदी बघून डॉक्टरांनी पंपाबद्दल नव्हे, गोळ्यांबद्दल विचारलं.

पासष्टी ओलांडली असेल तर डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी करून घ्या. दुखत नाही, नुसतं आडवं पडायचं. त्यात येणारा आकडा, टी-स्कोअर, उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हाडं ठिसूळ झालेली. माझा उणे १.९ आला, मधलाच. पाळी गेल्यापासून हाडांची झीज चालूच असते, त्यामुळे सगळं खापर पंपावर फोडू नये.

कॅल्शियम आहारातून धरून दिवसाला १,२०० मिलिग्रॅमच्या आसपास, जास्त नको. गोळी घ्यावी लागलीच तर एका वेळी ५०० पर्यंत. थायरॉईडची गोळी असेल तर दोन्हींत चार तासांचं अंतर ठेवा. ड जीवनसत्त्व डॉक्टरांना विचारून. चालणं रोज. धाप लागते म्हणून मी बसून राहायचे, आणि बसून राहिल्यानं पाय आणखी लटके पडले.

दर वाढदिवसाला मी दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहते आणि मुलगी पेन्सिलनं रेघ मारते. तरुणपणापेक्षा उंची चार सेंटिमीटरनं घटली असेल, तर पाठ दुखत नसली तरी मणक्याचा एक्स-रे करायला सांगतात.