टर्बो सगळ्यात शेवटी

गावातल्या शेडमध्ये आपल्या हाताने टर्बोवाली स्पोर्ट्स कार कशी बांधायची ते सांगतोय, पण या गाडीचं पासिंग होणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. यवतमाळच्या बाजारातून मिरवायची असेल तर इथंच थांबलेलं बरं. नव्या गाडीच्या नोंदणीला आरटीओत फॉर्म २० सोबत विक्रेत्याचा फॉर्म २१ आणि उत्पादकाचा फॉर्म २२ लागतो. फॉर्म २२ म्हणजे गाडी रस्त्यालायक असल्याचा कंपनीचा दाखला, आणि त्यामागे एआरएआयसारख्या, गाड्या तपासणाऱ्या संस्थेची मंजुरी असते. शेडमध्ये एकच गाडी बांधणाऱ्याच्या आवाक्यातलं हे काम नाही. मग कोणीतरी युक्ती सुचवतोच, की जुन्या गाडीच्या आरसीवर नवा सांगाडा चालवू. तिथे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत फेरबदल चालणार नाहीत असं सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला प्रत्येक फेरबदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद केली. जुन्या गाडीचा चेसिस नंबर कापून नव्या पाइपवर जोडणं ही तर सरळ फौजदारी भानगड आहे. समृद्धीवर रात्री एक चक्कर मारून बघू, हा विचारही डोक्यातून काढा. आपली गाडी वावरात आणि ट्रॅकवर चालणार, आणि तिथवर पिकअपमध्ये बसून जाणार.

एवढं पटलं असेल तर पुढचं सगळं मजेचं आहे.

माझ्याकडे येणारी पोरं पहिल्यांदा टर्बोचं विचारतात, म्हणजे एक्झॉस्टच्या धुरावर फिरून इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंपाचं. कोणता घेऊ, किती बूस्ट (हवेचा जादा दाब) ठेवू, ब्लो-ऑफचा (तो दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा) आवाज कसा येईल. मी त्यांना शेडचं विचारतो. आपल्या भागात शेड म्हणजे वर टिन, एका कोपऱ्यात सोयाबीनचं कुटार, दुसऱ्यात पऱ्हाट्या रचलेल्या, वर मळणीयंत्राची ताडपत्री. ग्राइंडरची ठिणगी दहा-बारा फूट सहज उडते आणि कुटार लगेच भडकत नाही, आतल्या आत धुमसतं. रात्री तुम्ही जेवायला बसता तेव्हा पेटतं. त्यामुळे पहिली खरेदी पान्यांची नको, अग्निशामक सिलिंडरची करा, आणि कुटार दुसरीकडे हलवा. घरचे कुरकुर करतील, करू द्या.

दुसरी गोष्ट जमिनीची. काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि शेडचा कोबा तिच्यावरच बसलेला असतो. आषाढात लेव्हलमध्ये असलेला कोबा एप्रिलमध्ये तसाच सापडेल याची खात्री नाही. कोब्यावर खडूने रेघा मारून चेसिस मांडण्याची जी पद्धत परदेशी व्हिडिओत दिसते, ती इथं चालत नाही. लोखंडी चॅनेलचा टेबल करा, प्रत्येक पायाला खालून जाड बोल्ट द्या, आणि गवंड्याच्या पाणी भरलेल्या नळीने चारही कोपरे तपासून बोल्ट फिरवून लेव्हल करा. काम सुरू असताना ही तपासणी अधूनमधून पुन्हा करायची, विशेषतः मृगाचे दोन पाऊस पडून गेल्यावर.

तिसरी गोष्ट वीज. हरभऱ्या-गव्हाला पाणी सुरू झालं की व्होल्टेज बसतं. अशा वेळी वेल्डिंग केलं तर धातू वर बसतो, आत उतरत नाही. दिसायला टाका सुबक, पण आत काही नाही. म्हणून दर बैठकीला कामाच्या पाइपाचेच दोन तुकडे आधी जोडा, शिकंजात धरा आणि हातोडा घाला. टाका सोलून निघाला तर त्या दिवशी चेसिसला हात लावू नका. पाइप टाक्याशेजारी वाकला-फाटला पण टाका टिकला, तर खुशाल कामाला लागा.

चेसिस बांधायला मोठा कारखाना लागत नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, वखर, डवरे बनवणारा माणूस तालुक्याला असतोच, आणि लोखंड तापलं की कुठे ओढतं हे त्याला चांगलं कळतं. आमच्याकडच्या ट्रॉलीवाल्या काकांनी माझा पहिला चौकोन बघून म्हटलं, "एकाच अंगानं भरत गेला तं थे तिकडंच ओढते ना बाप्पा. पयले चारी कोपरे टाके मारून घे, मंग भर." पद्धत हीच. आधी पूर्ण सांगाडा नुसत्या टाक्यांवर उभा करायचा, प्रत्येक चौकोनाचे दोन्ही कर्ण टेपने मोजायचे, ते जुळले की मग समोरासमोरच्या सांध्यांवर थोडं थोडं वेल्डिंग. डावीकडे एक इंच, उजवीकडे एक इंच, मग मागे. घाई केली तर मागचं चाक पुढच्या चाकाच्या रेघेत येत नाही आणि ते नंतर अलाइनमेंटवाल्याच्या बापालाही दुरुस्त होत नाही.

सांगाड्याला २५ मिमी चौकोनी, १.६ मिमी जाडीचा ईआरडब्ल्यू (लांबीने जोड असलेला) पाइप पुरतो, मात्र त्याची त्रिकोणांत बांधणी हवी. गाडी उलटली तर डोकं वाचवणारा, डोक्यामागचा रोलबार वेगळा. तिथे सीमलेस (बिनजोडाचा) पाइपच लागतो. जागतिक मोटरस्पोर्ट संघटना एफआयएच्या नियमात मुख्य रोलबारला ४५ मिमी व्यास आणि २.५ मिमी जाडी, किंवा ५० मिमी व्यास आणि २ मिमी जाडी सांगितलेली आहे. हे वाकवायचं काम गावात नको. वाळू भरून, तापवून वाकवलेला पाइप बाहेरच्या अंगाने पातळ होतो. नागपूरच्या हिंगणा किंवा बुटीबोरी एमआयडीसीत यंत्रावर वाकवून मिळतं. जीआय (जस्ताचा मुलामा असलेला) पाइप रोलबारला अजिबात नाही. त्याच्यावरचं जस्त जळून निघणारा धूर छातीत जातो आणि रात्री थंडी-ताप भरतो.

आता गाडी. सुटे भाग जमवत बसू नका, एक अख्खी जुनी गाडी घ्या. समोर इंजिन आणि पुढची चाकं ओढणारी कोणतीही छोटी पेट्रोल गाडी चालते. तिचं इंजिन, गिअरबॉक्स, दोन्ही एक्सल आणि हब (ज्यावर चाक बसतं तो भाग) असा पूर्ण संच ड्रायव्हरच्या मागे बसवला की मिड-इंजिन स्पोर्ट्स कार झाली. गिअरबॉक्स तोच, एक्सल तेच, नवीन काही खरादीवर कातावं लागत नाही. स्टीअरिंगचे टायरॉड मात्र मागे आल्यावर चेसिसला पक्के बांधावे लागतात, नाहीतर मागची चाकं आपल्या मर्जीने वळतील. टर्बो लावायचाच असेल तर कमी कॉम्प्रेशनचं (सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं त्याचं) जुनं इंजिन सोयीचं, ९ च्या आसपासचं. हल्लीच्या इंजिनांचं १० ते ११ असतं आणि त्यांना बूस्ट कमी सोसतो. मारुती एस्टीममधलं १२९८ सीसीचं चार सिलिंडर इंजिन अजून सापडतं आणि कोणत्याही तालुक्याच्या मेकॅनिकला ते पाठ असतं. घेताना आरसी, मालकाची सही, विमा कंपनीकडून आलेली असेल तर तिचे कागद, आणि स्क्रॅप करताना आरसी रद्द केल्याची पावती, हे सगळं फाइलला लावा. अंगणात बिनचाकाची गाडी दिसली की विचारपूस होतेच.

पुढच्या चाकांनाही तोच हब वापरणार असाल तर एक बारीक गोष्ट. अशा बऱ्याच हबमध्ये बेअरिंग आवळून धरायचं काम एक्सलच्या बाहेरच्या सांध्याचा दांडा करतो. पुढे एक्सल नको म्हणून नुसता काढून टाकला तर चाक दिसायला फिरतं, पण बेअरिंग सैल राहून फुटतं. तो बाहेरचा सांधा कापून दांड्यासकट जागेवरच ठेवायचा आणि मधला नट कंपनीने सांगितलेल्या टॉर्कने आवळायचा.

ब्रेकचं वेगळं गणित मांडावं लागतं. कंपनीने ते इंजिन समोर धरून मांडलेलं असतं आणि तुम्ही वजन मागे नेलंय. तरीही पुढची चाकं मागच्यांच्या आधी लॉक झाली पाहिजेत. मागची आधी लॉक झाली तर गाडी भोवऱ्यासारखी फिरते. मागच्या लाइनला प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (मागच्या ब्रेकचा दाब कमी करणारा) लावा आणि ओल्या मातीत हळू वेगात तपासा. मागे जुन्या गाडीचे पुढचेच कॅलिपर (डिस्क आवळणारे चिमटे) आले म्हणजे हँडब्रेक गेला, त्याची सोय वेगळी करा.

इथवर आलात की गाडी चालू करा, टर्बोशिवाय, आणि एक अख्खा हंगाम तशीच चालवा. पांदण रस्त्याच्या खडबडीत तुकड्यावर नाही, आपल्याच पडीत जमिनीवर सपाट केलेल्या पट्ट्यावर. कूलिंग कुठे कमी पडतं, गिअरची केबल कुठे अडते, कोणता ब्रॅकेट तडकतो, हे सगळं ८० हॉर्सपॉवरवर कळू द्या. मी पाहिलेल्या बहुतेक अर्धवट गाड्या याच कारणाने टिनाखाली पडून आहेत: टर्बो आला, त्याच्या मापाने एक्झॉस्ट बनला, आणि ज्या गाडीला तो लावायचा ती अजून वळत नव्हती, थांबतही नव्हती.

टर्बो घ्यायला वणी-घुग्घुसकडे गेलात तर कोळशाच्या टिप्परचे जुने टर्बो स्वस्तात दाखवतील. सोडून द्या. १.३ लिटरच्या इंजिनाचा धूर त्याला फिरवेपर्यंत पट्टा संपलेला असतो. साधारण तेवढ्याच इंजिनाचा, आत वेस्टगेट (जादा धूर बाजूने सोडणारी झडप) असलेला छोटा टर्बो पाहा. छोट्या डिझेल गाड्यांचे मिळतात, पण पात्यांचा कोन बदलणारे व्हीजीटी टर्बो टाळा. पेट्रोलचा धूर डिझेलपेक्षा बराच गरम असतो, ९०० अंशांच्या वर जातो, आणि ती नाजूक यंत्रणा त्यासाठी केलेली नसते. घेताना बोटाने दांडा पुढेमागे ढकला. त्या दिशेला खेळ जाणवता कामा नये. आडवा किंचित खेळ चालतो, पण पातं घराला घासल्याची एक रेघ जरी दिसली तरी परत ठेवा.

बसवताना सगळ्यात जास्त लक्ष तेलाच्या परतीच्या नळीवर द्या. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. तेल आत जातं ते पंपाच्या दाबाने, बारीक नळीतून. बाहेर मात्र ते निव्वळ उतारावर येतं, फेसाळून, आणि पाटाचं पाणी चढावर जात नाही तसंच त्याचंही आहे. परतीच्या नळीत करंगळी सहज गेली पाहिजे, तिला कुठे पोट सुटता कामा नये, आणि ती चेंबरला (इंजिनखालच्या तेलाच्या टाकीला) तेलाच्या पातळीच्या वर जोडली पाहिजे. मिड-इंजिन गाडीत टर्बो खाली बसवायचा मोह होतो, आणि मग हा उतारच उरत नाही. तेल तुंबतं, सील ओलांडून एक्झॉस्टमध्ये येतं, निळा धूर निघतो. मेकॅनिक म्हणतो टर्बो गेला. बऱ्याचदा टर्बो चांगला असतो, नळी चुकलेली असते.

आता आपला उन्हाळा. हवा दाबली की तापते. बाहेर २० अंश असताना अर्धा बार बूस्ट दिला आणि टर्बोच्या कॉम्प्रेसरची (हवा दाबणाऱ्या बाजूची) कार्यक्षमता ६५ टक्के धरली, तर हवा साधारण ७५ अंशांवर जाते. आपल्या मे महिन्यात, बाहेर ४५ असताना, तीच १०५ पर्यंत. इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा रेडिएटर) कितीही मोठा लावा, बाहेरच्या हवेपेक्षा थंड तो करू शकत नाही. पुण्याच्या किंवा परदेशातल्या माणसाने सांगितलेला इग्निशनचा मॅप (ठिणगी कधी पाडायची त्याचा तक्ता) आपल्याकडे नॉक करतो, म्हणजे मिश्रण आपोआप भडकून इंजिन ठोकतं, तो यामुळे. सुरुवात पाच-सहा पाउंडांवर करा, म्हणजे ०.४ बारच्या आसपास, आणि मॅप मे महिन्यातल्या दुपारी तपासा. थंडीत जुळवलेल्या मॅपवर उन्हाळ्यात पिस्टन वितळतात.

ईसीयूसाठी (इंजिन सांभाळणाऱ्या संगणकासाठी) स्पीडुइनोसारखं खुल्या आराखड्याचं कार्ड चांगलं, शिकायलाही आणि खिशालाही. मूळ गाडीचा मॅप सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) बहुतेकदा वातावरणाच्या दाबापर्यंतच वाचतो, म्हणून २.५ बारचा बसवा. १२० हॉर्सपॉवर धरली तर चार इंजेक्टर प्रत्येकी मिनिटाला २५० सीसीच्या आसपासचे लागतात. पंपावरचं पेट्रोल आता ई२० (२० टक्के इथेनॉलचं) आहे. त्याच्या पूर्ण ज्वलनाला लागणारं हवा-इंधनाचं प्रमाण १४.७ नसून साडेतेराच्या जवळ येतं. म्हणून वाइडबँड मीटर (एक्झॉस्टवरून हे प्रमाण सांगणारा) लॅम्डावर ठेवा, तिथे इंधन कोणतंही असो, पूर्ण ज्वलन म्हणजे १, आकड्यांचा गोंधळ होत नाही. पूर्ण बूस्टवर ०.८ च्या आसपास. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या इथेनॉलला टिकत नाहीत, सगळ्या बदला. पावसाळ्यात गाडी झाकून ठेवताना टाकी रिकामी करा, कारण इथेनॉल ओल धरतं.

बॉडीचं फार सांगत नाही. फायबरचे कूलर बनवणारे कारागीर आपल्याकडे आहेत, त्यांच्याकडे आठवडाभर जाऊन बसा. उन्हात रेझिन भराभर घट्ट होतं, म्हणून काम पहाटे करा. एकच सांगणं: कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, भडका उडतो. एक आधी रेझिनमध्ये पूर्ण कालवायचं, दुसरं नंतर.

डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंगला असाल तर कॉलेजच्या बाहा टीममध्ये (विद्यार्थ्यांनी बांधलेल्या ऑफ-रोड गाड्यांच्या स्पर्धेच्या) आधी घुसा. ही स्पर्धा, बाहा एसएईइंडिया, २००७ पासून होते, तीही इंदूरजवळच्या पिथमपूरला, म्हणजे आपल्याला त्यामानाने जवळच. टर्बो तिथे नसतो, पण तपासणी करणारे तुमचा प्रत्येक सांधा वाकून बघतात. त्यातून नोकरीला कामी येतं ते वायरिंग आणि ईसीयूचं ज्ञान. वेल्डिंग करणारे गावोगाव आहेत, वायरिंग हार्नेस स्वच्छ बांधणारा जिल्ह्यात शोधावा लागतो.

ट्रॅक लांब आहेत: कोइंबतूरचा कारी, चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा, ग्रेटर नोएडाचा बुद्ध. स्पर्धेत उतरायचं असेल तर देशातल्या मोटरस्पोर्टची संघटना एफएमएससीआयचा परवाना लागतो. निघण्याआधी त्या ट्रॅकवर घरी बांधलेली गाडी घेतात का हे लेखी विचारून घ्या. पुढे-मागे ओढायचा हुक, बाहेरून हात पोचेल असा बॅटरीचा कट-ऑफ आणि तेलाची कॅच टाकी (इंजिनातून बाहेर उडणारं तेल धरणारी) सांगाडा रंगवण्याआधीच जागेवर बसवून ठेवा. रंगावर वेल्डिंग करायची वेळ आली की रंग आणि दिवस दोन्ही जातात.