क्रूझची सुट्टी: ठाणे-नवी मुंबईहून निघताना आणि बंदरावर उतरल्यावर

गोवा किंवा लक्षद्वीपची क्रूझ ठरवताना बहुतेक जण बाल्कनीचं भाडं आणि जेवणाचा मेनू विचारतात. त्याआधी विचारायला हवं ते हे: प्रत्येक बंदरावर जहाज किती वाजता लागतं आणि परत चढायची शेवटची वेळ कोणती? जहाज आठला धक्क्याला लागलं, तरी कागदपत्रांचे सोपस्कार होऊन खाली उतरायला नऊ सहज वाजतात. परतीची वेळ साडेचारची असेल, तर हातात साडेसात तास. त्यातून जाण्या-येण्याचे दोन आणि गडबड झालीच तर म्हणून राखीव एक तास काढा. राहिले साडेचार. एवढ्यात एक ठिकाण नीट बघून होतं, तीन होत नाहीत. उशीर झालेल्या प्रवाशासाठी जहाज थांबत नाही. फक्त जहाजाच्या डेस्कवरून घेतलेल्या सहलीची बस अडकली, तर त्यांना वाट पाहावी लागते. म्हणून लांबच्या जागेसाठी ती महागडी सहल परवडते. जवळ जायचं असेल तर स्वतःची टॅक्सी बरी.

मुंबईचं क्रूझ टर्मिनल बॅलार्ड पिअरला आहे. ठाण्याहून गाडीने पूर्व द्रुतगती मार्ग, चेंबूरला ईस्टर्न फ्रीवे आणि पुढे पी. डिमेलो रोड. फ्रीवे संपतो तिथे ऑरेंज गेटपाशी गाड्या तुंबतात, तिथला अर्धा तास हिशेबात धराच. वाशी-नेरुळकरांना खाडीपुलावरून हाच फ्रीवे सोयीचा; उलवे-पनवेलकडून येणाऱ्यांना शिवडीला उतरणारा अटल सेतू. लोकलने यायचं तर सीएसएमटीला उतरून टॅक्सी करा, तिकडे रिक्षा नाहीत. रविवारी निघणार असाल तर आदल्या दिवशी मेगाब्लॉक बघून ठेवा. तो बरेचदा नेमका चेक-इनच्या वेळेत येतो.

वेब चेक-इन घरीच करा आणि तिकिटावरचं नाव ओळखपत्राशी अक्षर न् अक्षर जुळवून पाहा. मोठ्या बॅगा टर्मिनलवरच ताब्यात घेतात आणि त्या केबिनपर्यंत यायला कित्येकदा संध्याकाळ होते. तेव्हा औषधं, ओळखपत्र, चार्जर, पोहण्याचे कपडे आणि एक जोडी कपडे खांद्यावरच्या पिशवीत ठेवा. इस्त्री, चहाची किटली, एक्स्टेंशन बोर्ड आणि बाहेरची दारू स्कॅनिंगमध्ये काढून घेतात. यातल्या विजेच्या वस्तूंबाबत आगीच्या भीतीने जहाजावर सवलत नसते. सुरुवातीची सुरक्षा कवायत सक्तीची असते. आपलं जमायचं ठिकाण आणि लाइफ जॅकेट कुठे आहे ते घरातल्या मुलांनाही दाखवून ठेवा.

किनारा मागे पडला की मोबाइल एअरप्लेन मोडवर टाका. नाहीतर तो जहाजावरचं सॅटेलाइट नेटवर्क आपसूक पकडतो आणि रोमिंगचं बिल डोळे पांढरे करतं.

बोट लागण्याचा त्रास असेल तर केबिन मधल्या भागातली आणि खालच्या डेकवरची घ्या. जहाज तराजूच्या दांडीसारखं हलतं: टोकं उचलली जातात, मध्य कमी हलतो. डॉक्टरांनी सांगितलेली गोळी निघण्याआधी तासभर घ्या. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही. रिकाम्या पोटी राहू नका, आलेपाक जवळ ठेवा आणि मळमळायला लागलं की मोबाइल बाजूला ठेवून उघड्या डेकवर क्षितिजाकडे बघा.

गोव्यात जहाज वास्कोजवळ मुरगाव बंदराला लागतं. कळंगुट-बागा तिथून चाळीस किलोमीटरहून लांब, त्यामुळे त्यांचा मोह सोडा. जुन्या गोव्यातलं बॉम जेझूस चर्च किंवा पणजीतली फोंतेन्हास ही जुनी पोर्तुगीज वस्ती यांपैकी एकच धरा. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. नुसता समुद्रच हवा असेल तर जवळचा बोगमाळो किनारा पुरे. वाटेवरचं नौदलाचं विमान संग्रहालय सोमवारी बंद असतं. गोव्यात ओला-उबर चालत नाही, म्हणून टॅक्सीवाल्याशी जाणं, येणं आणि थांबण्याचे तास धरून एकच रक्कम ठरवा. पोहायचं ते जीवरक्षकांच्या लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्ये. लाल झेंडा असेल तर पाण्यात उतरू नका.

लक्षद्वीपची गोष्ट वेगळी. बेटांभोवती प्रवाळाचा कट्टा आणि आत उथळ लगून, म्हणजे कट्ट्याने अडवलेलं शांत पाणी, असल्याने मोठं जहाज बाहेर नांगरतं आणि छोट्या होड्यांतून नेतात. लाटा उसळल्या तर उतरणंच रद्द होतं, हे मनाशी धरूनच तिकीट काढा. होडीत बसताना दोन्ही हात मोकळे हवेत. मोबाइल पाणी न शिरणाऱ्या पाऊचमध्ये ठेवा.

स्नॉर्कलिंगमध्ये, म्हणजे मास्क आणि श्वासाची नळी लावून पाण्यावर तरंगत खालचं बघताना, निम्म्यांचा आनंद मास्क गळण्याने जातो. पट्टा न लावता मास्क चेहऱ्याला टेकवा आणि नाकाने हलकेच श्वास ओढा. हात सोडल्यावरही तो चिकटून राहिला तर मास्क तुमच्या मापाचा. कडेखाली केस आले की पाणी शिरतंच, आणि दाट मिशीवाल्यांनाही थोडं गळणार. पट्टा करकचून आवळल्याने उलट कड मुडपते आणि जास्त गळतं. काच धुरकट होऊ नये म्हणून आतून बेबी शाम्पूचा थेंब चोळून विसळा. श्वास फक्त तोंडाने, सावकाश. नळीत पाणी आलं तर जोरात एक फुंकर मारा. लाइफ जॅकेट काढू नका. पाठ तासभर उन्हात असते, म्हणून पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घाला आणि उघड्या भागाला सनस्क्रीन दर दोन तासांनी पुन्हा लावा.

प्रवाळावर उभं राहू नका. तो जिवंत असतो, पायाखाली तुटतो आणि तळवाही कापतो. मेलेला तुकडासुद्धा उचलून आणू नका, प्रवाळांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. गावात फिरताना अंगभर कपडे घाला. वस्तीच्या बेटांवर दारूबंदी आहे.

परतीच्या आदल्या रात्री बॅगा दाराबाहेर ठेवायला सांगतात. सकाळी घालायचे कपडे आणि चप्पल त्यात जाऊ देऊ नका. सकाळी मुंबईत उतरलात, तर सीएसएमटीहून ठाणे-पनवेलकडे जाणाऱ्या गाड्या गर्दीच्या उलट दिशेच्या असतात, त्यामुळे बॅगांसकट बसायला जागा मिळते.