अंबरमधल्या कीटकाला नाव देण्याआधी या चुका टाळा

अंबर म्हणजे झाडाची जीवाश्म झालेली राळ. तिच्यात अडकलेला कीटक दाखवायला कुणी आलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: खड्याचे सगळ्या बाजूंनी फोटो काढलेत का? बहुतेक वेळा उत्तर येतं, "कीटकाचे काढलेत." इथेच बिनसतं. कीटक दिसला की माणूस भोवतालची राळ विसरतो, आणि या कामातली निम्मी माहिती त्या राळेतच असते.

घासायची घाई

ही चूक बघून बघून मी थकलो आहे. एका तरुण सहकाऱ्याला बाल्टिक अंबरच्या एका खड्यात जेमतेम दीड मिलिमीटरची परजीवी गांधीलमाशी मिळाली. तोंड तिरकं दिसत होतं, म्हणून त्याने एक कोपरा कापला आणि खडा पॉलिशच्या चाकावर धरला. "अजून थोडंसं" करता करता चाक शृंगिकेपर्यंत (डोक्यावरच्या मिशीपर्यंत) पोचलं आणि टोकाचे खंड गेले. दोन गेले की तीन, हे सांगायला आधीचा एकही धड फोटो नव्हता. त्या गटात प्रजाती ठरवायची तर शृंगिकेचे खंड मोजावेच लागतात, आणि नमुना तर एकच होता. त्या माशीला आजही नाव नाही.

कापलेला कोपरा मी कचऱ्यातून शोधून सूक्ष्मदर्शकाखाली धरला. त्यात ओकचे ताऱ्याच्या आकाराचे केस होते. बाल्टिक अंबर ओळखायची ही जुनी, भरवशाची खूण. त्यांच्या शेजारी एक माइट (कोळ्याच्या नात्यातला सूक्ष्म जीव) होता, पायांपाशी आडवा चिरलेला. त्या झाडावर, त्या दिवशी माशीसोबत कोण होतं याचा पुरावाच आपण टाकून दिला होता.

म्हणून मी चाकाला हातच लावत नाही. वॉटर पेपर (पाण्यात वापरायचा पॉलिश पेपर), पाणी आणि बोटं एवढं पुरतं. ८०० नंबरच्या कागदापासून सुरुवात, मग १२००, मग २०००, शेवटी कापडावर पॉलिश. दहा-बारा वेळा घासलं की खडा पुसून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. कीटक अर्ध्या मिलिमीटरवर आला की थांबायचं, कितीही मोह झाला तरी. खडा तडकलेला असेल तर आधी निर्वातात इपॉक्सीत बसवून घ्यायचा. आणि कित्येकदा घासायची गरजच नसते. अंबरचा अपवर्तनांक, म्हणजे त्यात प्रकाश किती वळतो याचं माप, १.५४ च्या आसपास; ग्लिसरीनचा त्याच्या जवळचाच, १.४७. खडबडीत बाजूवर ग्लिसरीनचा थेंब टाकून वर कव्हर स्लिप ठेवली की ओरखडे जवळजवळ दिसेनासे होतात. दोन मिनिटांचं काम आहे, पण नवशिक्यांना ते सांगितलं की त्यांचा हात तरी चाकाकडेच जातो.

खडा खरा आहे, हे गृहीत धरणं

लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये बाल्टिक अंबरमधली एक माशी १९२२ पासून होती. विली हेनिग यांच्यासारख्या जाणकाराने १९६६ मध्ये ती अभ्यासली आणि आजही जिवंत असलेल्या जातीची ठरवली. कोट्यवधी वर्षं जराही न बदललेली जाती! १९९३ मध्ये जीवाश्म कीटकांचे अभ्यासक अँड्र्यू रॉस यांच्या लक्षात आलं की खडा मधोमध कापून, पोकळी कोरून, त्यात हल्लीची माशी बसवून तो पुन्हा चिकटवला होता. राळ अस्सल होती, त्यामुळे राळेची कुठलीही चाचणी ती उत्तीर्णच झाली असती. कीटकाभोवती सलग पातळ रेघ दिसते का, बुडबुडे एकाच प्रतलात आहेत का, हे मी सर्वांत आधी बघतो. कीटक अगदी मधोमध, पाय नीट पसरून बसलेला असेल तर माझा संशय वाढतो.

ॲसिटोनच्या एका थेंबावर निकाल देणाऱ्यांनी गुजरातमधल्या वस्तानच्या लिग्नाइट खाणीतलं खंभात अंबर आठवावं. कोपल (अजून अंबर न झालेली, त्यामानाने नवी राळ) चिकट होतो, अंबर होत नाही, हा नियम तिथे चालत नाही. ते अंबर पाच कोटी वर्षांहून जुनं आहे, तरी टोल्युईन किंवा क्लोरोफॉर्ममध्ये विरघळतं, इतकं की त्यातून कीटक अख्खे बाहेर काढता आले आहेत. मिठाच्या संपृक्त पाण्यात तरंगलं म्हणजे फार तर काच नाही एवढं कळतं, कारण कोपलही तरंगतो. तापलेली सुई तर कृपा करून कुणी लावू नका. शंका असेल तर इन्फ्रारेड वर्णपट काढून घ्या.

बाकीच्या चुका

वक्र पृष्ठभागातून मोजलेली लांबी खरी नसते. सपाट, कीटकाला समांतर बाजूतूनच मोजा.

पोट फुगलेलं, पंख ताणलेला, एका बाजूला पांढरी साय: हा राळेच्या ओघाचा आणि कुजण्याचा परिणाम आहे, नव्या जातीचं लक्षण नाही. नर आणि मादीला दोन नावं देऊन बसलेलेही मी पाहिले आहेत.

फक्त अंबरमधल्या जातींशी तुलना करू नका, जिवंत नातेवाईकही उघडून बघा. "अशी जाती वर्णिलेली नाही" म्हणण्याआधी जुनी जर्मन वर्णनं वाचा. कोनिग्सबर्गचा (आजचं कालिनिनग्राद) अंबरचा मोठा संग्रह दुसऱ्या महायुद्धात विखुरला, वाचलेला भाग आता गॉटिंगेनला आहे. हरवलेल्या नमुन्याच्या जातीचं नाव मात्र वैधच राहतं.

होलोटाइप, म्हणजे ज्यावर जातीचं नाव बेततं तो एकमेव नमुना, कोणता आणि कुठल्या संग्रहात ठेवला, हे स्पष्ट लिहा. १९९९ नंतरच्या नावांसाठी प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय नामकरण संहितेची ती अट आहे. शोधनिबंध फक्त ऑनलाइन निघणार असेल तर झूबँक या प्राणिनामांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत नोंदणीही लागते. खडा घरच्या कपाटात ठेवू नका. पुढच्या अभ्यासकाला तो हातात घेता आलाच पाहिजे.

म्यानमारच्या काचीनमधलं, सुमारे ९.९ कोटी वर्षांपूर्वीचं अंबर हाती आलं तर ते कधी आणि कसं बाहेर पडलं याचे कागद आधी मागा. तिथल्या खाणींचा ताबा २०१७ मध्ये लष्कराने घेतला होता. कागद नसतील तर मी तो खडा परत करतो, आत कितीही दुर्मीळ कीटक असो.

आणि वर्णन छापून आलं की खडा विसरू नका. ऊन आणि कोरडी हवा लागली की पृष्ठभागावर बारीक भेगांचं जाळं धरतं. माझे नमुने अंधारात, साधारण ५० टक्के आर्द्रतेत असतात, आणि प्रत्येकाच्या डबीत खडा घासण्याआधीच्या सहा बाजूंचे फोटो ठेवलेले असतात.