चार महिन्यांसाठी म्हणून नाशिकला आलात, तर

चार महिन्यांसाठीच आलोय, असं घरमालकाला सांगू नका. एक तर तो खोली द्यायला मागेपुढे करतो, आणि दुसरं म्हणजे ते खरं नसतं. 2020 च्या जूनमध्ये निसर्ग वादळ झालं, त्यानंतर आमच्या श्रीवर्धन-दिवेआगर बाजूची बरीच माणसं इकडे आली. सगळ्यांचं एकच, गणपतीपर्यंत राहतो, मग बघू. गणपती झाले, शिमगा झाला, पुढच्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं, आणि तात्पुरती आलेली माणसं अजून पाथर्डी फाट्याला भाड्याने राहतात. काहींचा तर गॅसही अजून दुसऱ्याच्या नावावर.

मी स्वतः 2010 ला आले. आदल्या नोव्हेंबरात फयान वादळ येऊन गेलं होतं, पण वादळामुळे आलो असं म्हटलं तर खोटं होईल. यांना अंबडला कंपनीत काम लागलं म्हणून आलो. वादळाने घर सोडायची पाळी आली ती माझ्या जावेवर, दहा वर्षांनी. ती दोन मुलं घेऊन सिडकोत आमच्या दोन खोल्यांत आली आणि भाऊजी सासूबाईंना सांभाळत गावी राहिले. हे लिहितेय ते तिच्यासारख्यांसाठी.

3 जूनला दुपारी वादळ रायगडच्या किनाऱ्याला लागलं. भाऊजींचा शेवटचा फोन सकाळचा. कौलं वाजायला लागलीत, ठेवतो, एवढंच बोलले. मग पाच दिवस काहीच नाही. तेच वादळ जमिनीवर ढिलं पडत रात्री आमच्या नाशिकवर आलं. वारा, पाऊस, लाइट गेलेली. मी अंधारात बसून विचार करत होते, इथे पोचलेलं हे उरलंसुरलं, तर तिथे काय झालं असेल. त्यात लॉकडाऊन, दुसऱ्या जिल्ह्यात जायला ई-पास. हे कसेबसे गावी पोचले तेव्हा भाऊजी ओटीवर बसलेले, आणि समोर समुद्र. आमच्या ओटीवरून समुद्र कधीच दिसायचा नाही, नुसता ऐकू यायचा. मधली माड-पोफळींची वाडी आडवी झाली तेव्हा तो किती जवळ आहे ते कळलं.

आता हिशेबाचं बोलते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. बाणवली, म्हणजे उंच जातीचा माड लावला तर फळ धरायला सहा ते आठ वर्षं. संकरित टी बाय डी, म्हणजे उंच आणि ठेंगण्या माडाचा संकर, चार-पाच वर्षांत येतो. पोफळ, म्हणजे सुपारीचं झाड, आमची श्रीवर्धनी रोठा, पाच-सहा वर्षं तरी खाते, आणि तिच्या रोपाला कोवळ्या वयात ऊन सोसत नाही. पूर्वी वर माड असायचे, सावली आपोआप मिळायची. आता माडच नाहीत, म्हणून आधी केळ लावायची आणि केळीच्या सावलीत पोफळ, म्हणजे वर्ष आणखी वाढलं. नाशिकची गाडी धरण्याआधी नवरा-बायकोने बसून हा आकडा मांडावा. मुलांना कुठल्या शाळेत घालायचं, भांडीकुंडी किती आणायची, कर्ज किती मुदतीचं घ्यायचं, सगळं त्यावर ठरतं. माझ्या जावेने दीड वर्ष कपाट घेतलं नाही. कपडे बोचक्यात, बोचकं खाटेखाली. जायचंच आहे ना, म्हणायची. दीड वर्ष रोज सकाळी मुलांचे गणवेश बोचक्यातून उपसून इस्त्री करायची, आणि रोज कटकट.

कागदपत्रांत आम्ही जे भोगलं ते तुमच्यावर येऊ नये. निसर्गनंतर सरकारने फळबागांची मदत हेक्टरी 18 हजारांवरून 50 हजार केली, दोन हेक्टरच्या मर्यादेत. ऐकायला बरं वाटतं. पण आमच्याकडे हेक्टरने वाडी आहे कोणाची? आमची चौदा गुंठे. गुंठ्याला पाचशे धरले तर सात हजार. तौक्तेच्या वेळी झाडागणिक दर आला, माडाला 250 आणि पोफळीला 50. चाळीस वर्षांचा माड, अडीचशे रुपये. पडलेला माड कापून वाडीबाहेर काढायची मजुरीही त्यात निघत नाही. म्हणून मदतीच्या भरवशावर नाशिकचं डिपॉझिट ठरवू नका. ती येईल तेव्हा रोपांना लावा.

तरीही ती सोडायची नाही. पंचनाम्याला घरचं माणूस हजर हवं, शेजाऱ्यावर सोपवू नका. झाडं उचलण्याआधी मोजा, उभी, मोडकी, उन्मळलेली वेगवेगळी, आणि फोटो काढून ठेवा. घर, गोठा, वाडी सगळ्याचं वेगळं लिहून घ्या, सही झाली की त्या कागदाचा फोटो. मग येतो सातबारा. आमच्या सातबाऱ्यावर सात नावं. दोन आत्या मुंबईला, एक काका वारलेले आणि वारस नोंद झालेली नाही. खातं सामाईक असलं की बाकीच्यांचं संमतीपत्र लागतं, आणि नाशिकला आलेले तुम्ही त्याच सातांतले एक असता. भाऊ तिकडे तलाठ्याकडे खेटे घालतोय आणि आपण इकडे पहिल्या पाळीला गेलोय, असं होतं. येण्याआधीच संमतीपत्रावर सही करून, आधारची प्रत जोडून घरी ठेवून या. आमचं आणखी एक झालं. यांचं नाव सातबाऱ्यावर एक आणि पासबुकात एक, आडनावात एका अक्षराचा फरक. पैसे आले तसे परत गेले. बँकेत विचारलं तर तहसीलला विचारा, तहसीलला विचारलं तर बँकेत. बँकेचं नाव घेत नाही, आता काय उपयोग. आठ महिने गेले, तुम्ही पासबुक आजच उघडून बघा.

नाशिकहून पहिला पगार पाठवाल तेव्हा रोपं घ्यायची घाई करू नका. आधी पडलेली खोडं उचलायला पैसे द्या. कुजलेल्या खोडात गेंड्या भुंगा अंडी घालतो आणि तिथून निघून वाचलेल्या माडांचा कोंब खातो. वादळातून सुटलेले आमचे सहा माड होते, त्यातले दोन या भुंग्याने घेतले. आम्ही आधी रोपं आणली होती, हौसेने.

आता नाशिक. खोली बघायला जाल तेव्हा मनात येईल, समुद्र लांब राहिला, पाण्याची भीती संपली. तसं नाही. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की गोदावरी रामकुंडावर चढते. टीव्हीवर विसर्ग क्युसेकमध्ये सांगतात, पण नाशिककर मोजतो नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर. मारुतीच्या गुडघ्याला पाणी, कमरेला, छातीला. पुलावर उभं राहून गप्पा मारत बघतात, मला पहिल्या वर्षी त्या गप्पांचा रागच आला होता. 2016 आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये सराफ बाजार, भांडी बाजारापर्यंत पाणी शिरलं होतं. गोदावरी सगळ्यांना ठाऊक असते, फसवते ती नासर्डी नदी. उन्हाळ्यात नाल्यासारखी दिसते आणि तिच्या काठची खोली स्वस्त मिळते. घरमालक म्हणेल, इथे कधी पाणी येत नाही. त्याला विचारू नका, कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला विचारा, तांदळाची पोती पावसाळ्यात कुठे ठेवता म्हणून. पूररेषा दोन असतात, नेहमीच्या पुराची निळी आणि मोठ्या पुराची लाल. जमलं तर दोन्हींच्या बाहेर राहा.

दुसरं, खोलीवर पत्रे नकोत. भाडं कमी असलं तरी नकोत. माझा धाकटा पुतण्या आला तेव्हा सहा वर्षांचा. शेजारच्या गच्चीवर पत्र्याची शेड होती, वारा सुटला की वाजायची. तो दप्तर पाठीला लावून झोपायचा. विचारलं तर सांगेना. मग एकदा म्हणाला, परत पळायचं झालं तर पुस्तकं भिजायला नकोत. गावी त्या दिवशी कौलं उडाल्यावर त्यांना पावसातून शाळेच्या इमारतीत पळावं लागलं होतं. त्याला कितीदा सांगितलं, इथे काही होत नाही, पण उपयोग शून्य. शेवटी हे शेजाऱ्यांकडे गेले, त्यांना सगळं सांगितलं, आणि रविवारी दोघांनी मिळून पत्रे तारेने आवळले. पोरगा गच्चीवर उभा राहून बघत होता. दप्तर त्यानंतरही काही दिवस पाठीवर होतं, मग उशाशी आलं. नाशिकच्या माणसाला जाऊन सांगायला लाजू नका. तो गारपीट आणि अवकाळी पाऊस बघितलेला माणूस आहे. द्राक्षं काढणीला आली असताना बाग झोपलेली त्याने पाहिली आहे, तुमची वाडी गेली म्हणजे काय ते त्याला फोड करून सांगावं लागत नाही.

शाळेचं सोपं आहे. आठवीपर्यंत जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हा कायदा आहे. शांतपणे तेवढंच म्हणा आणि बाकावर बसून राहा.

कामाचं म्हणाल तर सातपूर आणि अंबड या औद्योगिक वसाहती. बहुतेकांना सुरुवात ठेकेदाराकडूनच करावी लागते. पीएफ कापतो म्हणाला तर नंबर मागून घ्या आणि खरंच भरतो का ते मोबाइलवर बघत जा. द्राक्षबागेत काम सोपं असेल, आपण बागायतदारच, असं समजून जाऊ नका. ऑक्टोबरची छाटणी हे हातातलं कसब आहे, आणि पेठ-सुरगाण्याकडच्या टोळ्या त्यात मुरलेल्या आहेत. आपलं कसब वेगळं आहे. आमच्या गावचा एक मुलगा गंगापूर रोड, कॉलेज रोडच्या बंगल्यांतले माड साफ करतो. तिथे लोकांनी हौसेने माड लावलेत, पण वर चढायला कोणी नाही, आणि वाळलेली झावळी गाडीवर पडते म्हणून मालक हैराण. कंपनीत होता त्यापेक्षा आता बरं कमावतो. अर्थात, ज्याला चढता येतं त्यानेच. मुंबईला वाढलेल्यांनी हा नाद करू नये.

थंडीची तयारी ठेवा. आपल्याकडे स्वेटर हा प्रकार नाही, इथे डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो, आणि निफाडकडे राहणार असाल तर त्याहून खाली. माझ्या पहिल्या जानेवारीत खोबरेल तेलाची बाटली उलटी केली तर थेंब पडेना. घट्ट, मेणासारखं. मला वाटलं दुकानदाराने डालडा भरला. भांडायला गेले, आणि त्याने हसून त्याची स्वतःची बाटली दाखवली. बाटली उन्हात ठेवायची, किंवा आंघोळीच्या गरम पाण्यात. मासे मिळतात, पण बर्फातले, सुरमई-पापलेट. मांदेली शोधावी लागतात. गावाहून येताना सोडे आणि सुकट, म्हणजे सुकवलेली कोलंबी आणि जवळा, आणा, फक्त डबा घट्ट लावा. कसारा घाटात गाडी थांबली की सगळी एसटी तुमच्याकडे बघते.

परवा भाऊजींनी फोटो पाठवला. 2020 च्या पावसाळ्यात लावलेल्या संकरित माडांपैकी एकाला पोय, म्हणजे फुलोरा आला. जावेने फोटो मोठा करून करून पाहिला, मुलांना दाखवला. पोय फुटली की नारळ तयार व्हायला बारा महिने. दुसऱ्या दिवशी घरमालक भाडं न्यायला आला तेव्हा तिने करार आणखी अकरा महिने वाढवून मागितला. कपाट तिने केव्हाच घेतलं होतं.